पोवळ्याला दिवा कशाला?

वसुबारसेचा दिवस होता. माळ्यावरचा आकाशकंदिलाचा सांगाडा खाली काढून, जामनेरच्या आमच्या घराच्या ओसरीवर मी त्याला नवा कागद चिकटवीत बसलो होतो. आतून करंज्यांचे सारण भाजल्याचा वास येत होता. अशा मुहूर्तावर आमचा पुतण्या पुण्याहून आला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने पिशवी खुंटीला अडकवली, आजीच्या पाया पडला आणि खिशातून चौघडी कागद काढून माझ्यापुढे धरला. मला वाटले, फटाक्यांची यादी असेल. पाहतो तो काचेची टाकी, समुद्री मीठ, पंप, वाळू, पाणी थंड ठेवण्याचे यंत्र असा सगळा जमाखर्च. त्यातला जमेचा रकाना अर्थातच कोरा! आणि अगदी तळाशी, सर्वांत मोठा आकडा जिच्यासमोर मांडला होता ती बाब होती, दिवा.

चिरंजीवांना घरात प्रवाळ वाढवायचे होते. सोनेरी मासे ठेवण्याची हंडी नव्हे. जिवंत प्रवाळांचा, खाऱ्या पाण्याचा, हात दीड हात लांबीचा समुद्र दिवाणखान्यात. आमच्या जामनेरहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी ३०० किलोमीटर भरेल. आम्हांला पाणी ठाऊक आहे ते कांग नदीचे आणि विहिरीचे. पण हौसेला मोल नसते म्हणतात, आणि काकाच्या हौसेला तर मुळीच नसावे अशी पुतण्यांची समजूत असते.

"काका, बाकी सगळं जमेल. फक्त दिवा कुठला घ्यायचा ते ठरत नाही," तो म्हणाला.

आईचे कान या वयातही तिखट आहेत. करंजीला मुरड घालता घालता ती आतूनच म्हणाली, "पोवळ्याला दिवा कशाला रे बापू? माझ्या गळ्यातलं तर साठ वर्षं झाली, बिनदिव्याचं लाल आहे."

घरात हशा पिकला. मीही हसलो. पण शिक्षकी पेशात हयात घालवली की एक खोड लागते. मुलाने विचारलेला वेडगळ प्रश्न घरी गेल्यावरही पाठ सोडीत नाही. दिवाळीचे चार दिवस मी फराळाबरोबर हाच प्रश्न चघळला, पुस्तके धुंडाळली, आणि मला असे दिसून आले की आईचे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे मुळीच नव्हते. प्रवाळाला दिवा लागतो की नाही, हे समजायला माणसाला फार वर्षे लागली आणि त्या समजुतीची कथा मोठी वळणावळणाची आहे. तीच येथे सांगतो.

आईच्या गळ्यातले पोवळे सोनाराने खरे दिले असेल, तर ते बहुधा भूमध्य समुद्रातले असावे. मंगळाचे रत्न म्हणून आपण ते अंगठीत घालतो, वैद्य त्याची पिष्टी करतात, नवरत्नांत त्याला मानाचे पान आहे. पण रत्नांच्या पंगतीला बसलेला हा पाहुणा फार दूरचा. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी लिहून गेला आहे की रोमच्या लोकांना हिंदुस्थानातल्या मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच हिंदुस्थानातल्या लोकांना पोवळ्याचे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी मोती इकडून तिकडे जात होते आणि पोवळी तिकडून इकडे येत होती. इटलीत नेपल्सजवळ तोर्रे देल ग्रेको नावाचे गाव आहे. तेथील कारागीर आजही पोवळ्याच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहेत.

आता गंमत पाहा. हे तांबडे पोवळे समुद्रात वाढते ते कपारींत, खडकांच्या वळचणीखाली, गुहांच्या छताला उलटे लोंबत. जेथे ऊन पोचत नाही किंवा पोचलेच तर संधिप्रकाशाइतके. ते सावलीतले प्राणी आहे. होय, प्राणीच. झाडाच्या फांदीसारखा दिसतो तो त्याचा सांगाडा. त्यावर मोहरीएवढाली हजारो तोंडे असतात, प्रत्येक तोंडाभोवती आठ इवले हात, आणि प्रवाहाबरोबर वाहत आलेले कण ते हात पकडतात. त्याला उन्हाची गरज नाही. तेव्हा आईचे म्हणणे शब्दशः खरे होते. तिच्या पोवळ्याने जन्मभरात दिवा मागितला नव्हता.

पुतण्याला हवे होते ते दुसऱ्या घराण्यातले प्रवाळ. उथळ, उबदार समुद्रात ज्यांची बेटेच्या बेटे उठतात, ते दगडी प्रवाळ. त्यांच्या तोंडाभोवतीचे हात सहा किंवा सहाच्या पटीत. नाव एक, कूळ लांबून एक, पण राहणी अगदी निराळी. दोन्हींना आपण प्रवाळच म्हणतो आणि घोटाळा तेथेच होतो. या घोटाळ्यात एकटी आमची आईच सापडली असे नाही. घरात प्रवाळ पाळण्याचा इतिहासही ह्याच घोटाळ्यापासून सुरू झाला आहे.

इ. स. १८४६. अॅना थिन नावाची एक इंग्रज बाई शरद ऋतूत टॉर्की येथे समुद्रकाठी गेली होती. नवरा लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या मठात मोठा धर्माधिकारी. बाईंना खडकांत दगडी प्रवाळांची छोटी छोटी पेल्यांसारखी फुले सापडली आणि ती जिवंत लंडनला नेण्याचे त्यांनी मनावर घेतले. प्रवासात आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने त्यांना एका मोठ्या स्पंजाला शिवून टाकले. शिवणाच्या डब्याचा प्राणिशास्त्राला एवढा उपयोग आधी क्वचितच झाला असेल! लंडनला रोज समुद्राचे पाणी कोठून आणणार? मग घरातल्या मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, पुन्हा पहिल्यात, अर्धा-पाऊण तास, म्हणजे त्यात हवा मिसळेल. आपल्याकडे गरम दूध निवविताना करतात तसे. पुढल्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि हे कष्ट कमी झाले. प्रवाळ जगले, त्यांना पिले झाली. पुढे १८५९ मध्ये बाईंचे हे अनुभव शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. त्या मोलकरणीचे नाव मात्र मला कोठे आढळले नाही.

अॅनाबाईंच्या खोलीत उजेडाचा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण त्यांनी आणलेले प्रवाळ थंड समुद्रातले होते. त्या जातीलाही ऊन लागत नाही. घरात पाळलेले बहुधा पहिले प्रवाळ असे बिनदिव्याचे निघाले आणि त्यामुळे पुढची कित्येक वर्षे प्रवाळाचा आणि प्रकाशाचा संबंध कोणाच्या ध्यानात आला नाही.

उलट प्रकाश हा तेव्हा शत्रू मानला जाई. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले आणि घरोघरी काचेच्या पेट्यांचे खूळ माजले. लोकांनी चारी बाजूंनी काच असलेल्या टाक्या खिडकीत मांडल्या. आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरवे, काच हिरवी आणि मासे पोटे वर करून तरंगताहेत! उजेड बाजूने आत घुसला की शेवाळ माजते, हे हळूहळू कळले. समुद्रात उजेड येतो तो वरून. तेव्हा टाकीच्या बाजू झाका आणि प्रकाश फक्त वरून येऊ द्या, असा आग्रह त्या काळच्या जाणत्यांनी धरला. विल्यम लॉइड हा त्यांतला मोठा माणूस. मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान चालवीत चालवीत तो मोठमोठी मत्स्यालये उभारू लागला. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याच्या देखरेखीखाली भव्य मत्स्यालय झाले.

क्रिस्टल पॅलेस म्हटले की आम्हां जामनेरकरांच्या काळजात जरा कळ येते. त्याचे कारण वेगळे आहे. जामनेरहून अजिंठ्याची लेणी जवळ. त्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यात मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून उमेदीची वर्षे खर्च केली. त्याने पाठवलेली मोठमोठी तैलचित्रे क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली आणि त्यांतली बहुतेक चित्रे जळाली. पाच वर्षांनी लॉइडचे मत्स्यालय झाले ते त्याच जळालेल्या बाजूला. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. हे सगळे विषयाला सोडून झाले खरे, पण अजिंठ्याचे नाव निघाल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लहानपणी आम्ही लेणी पाहायला जात असू, तेव्हा रखवालदार बाहेर आरसा किंवा पांढरे कापड धरून उन्हाची तिरीप आत भिंतीवर फेकी. चित्र उजळे. त्या चित्रांना प्रखर उजेडाचे भय, आणि उजेडाशिवाय ती दिसणार तरी कशी? पुतण्याने नंतर जेव्हा 'प्रवाळाला जास्त प्रकाशही मारतो' असे मला ऐकवले, तेव्हा मला तो रखवालदारच आठवला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उबदार समुद्रातल्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म, एकपेशी शैवाल राहते. १८८१ मध्ये कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने अशा प्राण्यांच्या अंगात राहणाऱ्या पिवळसर-करड्या पेशींना झूझँथेली असे नाव दिले. पण या भाडेकरूंचे आणि घरमालकाचे देणेघेणे नेमके काय, हा वाद पुढे पाऊणशे वर्षे चालला. १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ लो बेटांवर मॉरिस याँग या तरुण शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक मोहीम वर्षभर तळ ठोकून राहिली. प्रवाळांना त्यांनी अंधाऱ्या पेट्यांत कोंडले, उपाशी ठेवले, भरवले. याँगचा निष्कर्ष असा की प्रवाळ हा पक्का मांसाहारी. शैवालापासून त्याला अन्न मिळत नाही. एवढा मोठा अभ्यासक, पण येथे चुकला. १९५८-५९ च्या सुमारास किरणोत्सर्गी कार्बन आणि कॅल्शियम वापरून नवे प्रयोग झाले. शैवालाने प्रकाशात तयार केलेले अन्न प्राण्याच्या अंगात उतरते, हे मस्कटीन आणि हँड यांनी प्रवाळाच्या नात्यातल्या समुद्रफुलावर दाखवून दिले. आणि उजेडात प्रवाळ आपला दगडी सांगाडा अंधारापेक्षा कित्येक पटींनी वेगाने बांधतो, हे जमैकात टॉमस गोरो याने मोजले.

म्हणजे हे प्रवाळ थोडे प्राणी आणि थोडे शेतकरी आहेत. अंगातच शेत आणि अंगातच पीक. रात्री हात पसरून शिकार करायची आणि दिवसा ऊन खायचे. आमच्या खान्देशात केळीच्या बागाइतदाराला उन्हाचे मोल सांगावे लागत नाही, तसेच यांनाही. आईला मी हे समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे याच्या पोटातल्या शेताला दिवा हवा, याला नव्हे." यापेक्षा चांगले मला स्वतःला सांगता आले नसते.

पण ऊन म्हणजे कोणते ऊन? समुद्राच्या पोटात शिरताना ऊन बदलते. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच पाणी पिऊन टाकते, मग नारिंगी, मग पिवळा; खोल जातो तो निळा. याविषयी आपल्याकडची एक आठवण मोठी रम्य आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून 'नारकुंडा' बोटीने परतत होते. समुद्र निळा का, याचे त्या वेळी प्रतिष्ठित असलेले उत्तर असे की, त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते. रामन यांनी बोटीच्या कठड्याशी उभे राहून निकोल लोलकातून पाहिले, आकाशाचे परावर्तन त्या लोलकाने खोडून टाकले, तरी निळाई कायम! पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांनी प्रतिपादन केले आणि तसे टिपण सप्टेंबरात मुंबई बंदरात बोटीवरूनच 'नेचर' मासिकासाठी लिहिले. पुढे नोबेल पारितोषिकापर्यंत गेलेल्या वाटेचा एक टप्पा असा आपल्या मुंबई बंदरात आहे. प्रवाळपाळ्यांना यातून घ्यायचे ते एवढेच की, खोलातल्या प्रवाळाच्या अंगणात पडणारे ऊन निळे असते आणि त्याच्या शैवालाला ते निळे ऊन चांगले मानवते.

या ज्ञानाच्या आधाराने नव्हे, तर साध्या निरीक्षणाने एका गृहस्थाने घरगुती प्रवाळटाकी साधून दाखवली. जाकार्ता येथील ली चिन एंग हा तो गृहस्थ. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एका मत्स्यालयविषयक मासिकात त्याने आपली पद्धत सांगितली. यंत्रे नाहीत, गाळण्या नाहीत. समुद्रातले जिवंत खडक, स्वच्छ समुद्रजल, हवेचे बारीक बुडबुडे आणि विषुववृत्ताजवळचे फुकटचे ऊन. बस्स! त्या पाण्यात त्याचे प्रवाळ नांदत होते. पॅसिफिकमधल्या नूमेआ येथे रने कातालाने १९५६ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयातही दिवसाच्या उजेडावर जिवंत प्रवाळ वाढत होते. त्यांच्यावर अतिनील किरण टाकताच ते हिरवे-तांबडे चमकून उठतात, हेही तेथेच लोकांनी डोळे विस्फारून पाहिले. दोघांच्याही डोक्यावर सूर्य होता, हे महत्त्वाचे.

जर्मनी-हॉलंडकडच्या हौशी मंडळींच्या डोक्यावर तो नव्हता. तेथे आठ-आठ दिवस ढग. मग त्यांनी सूर्य विकत घेण्याचा उद्योग आरंभला. १९३८ पासून बाजारात आलेल्या प्रकाशनळ्या एकाशेजारी एक लावून पाहिल्या. मऊ अंगाचे प्रवाळ त्यावर जगत, दगडी प्रवाळ झुरत. मग कारखाने आणि खेळाची मैदाने उजळणारे धातु-हॅलाइड दिवे टाक्यांवर टांगले. एकाच बिंदूतून येणारा तो लखलखीत प्रकाश पाण्याच्या लाटांतून जाताना तळाशी उन्हाच्या चकाकत्या रेघा नाचू लागतात. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट याच्या लेखमालेने हे युरोपीय वेड अमेरिकेत नेले. दिवे प्रखर, पण तापट. २५० वॅटचा एक दिवा रोज आठ तास जाळा, म्हणजे महिन्याला ६० युनिटे वीज. आणि त्यातून निघणारी उष्णता पाण्यात उतरते ती निराळीच. ती काढून टाकायला शीतयंत्र, त्याची वीज आणखी वेगळी.

हा हिशेब मी जामनेरला लावून पाहिला. प्रवाळांना पाणी लागते २५-२६ अंशांचे. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ ला टेकतो. ओसरीवरच्या घागरीतले पाणीसुद्धा आंघोळीचे होते. येथे टाकीच्या डोक्यावर शेगडी टांगणे म्हणजे प्रवाळांची भाजीच! बरे, छपराला भोक पाडून ली चिन एंगसारखे ऊन घ्यावे म्हटले, तर त्या उन्हाबरोबर खान्देशची झळही येणार.

या पेचातून सुटका झाली ती जपानमधल्या तोकुशिमा येथे. तेथील निचिया कंपनीतील शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी दिवा सिद्ध केला. तांबडे आणि हिरवे एलईडी आधीच होते. निळ्यापाशी सगळे अडले होते. त्या निळ्याच्या संशोधनासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्यांच्या मनात घरे-रस्ते उजळणारा पांढरा दिवा होता. समुद्राच्या पोटातले ऊन त्याच निळ्यात हाती आले, हा प्रवाळपाळ्यांचा फायदा. २००० नंतरच्या दशकात टाक्यांवर हे दिवे दिसू लागले आणि आज तेच सर्वत्र आहेत. तापतात, पण ती उष्णता दिव्याच्या पाठीकडून हवेत जाते, पाण्यात फार थोडी. १०० वॅटचा असा दिवा आठ तास जळाला तर महिन्याला २४ युनिटे.

मग घेऊन टाकावा की नाही एलईडी? पुतण्याचेही हेच म्हणणे होते. परंतु खरा प्रश्न दिव्याच्या जातीचा नसून मापाचा आहे, आणि तेथेच दुकानदार गिऱ्हाइकाला गुंडाळतो. खोक्यावर वॅट छापलेले असतात; वॅट म्हणजे दिवा खातो किती, देतो किती ते नव्हे. केल्व्हिन छापलेले असते. ६५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, १०००० म्हणजे निळसर, २०००० म्हणजे निळाशार. हा आपल्या डोळ्यांना दिसणारा रंग. शैवालाचे पोट किती भरते ते त्यावरून कळत नाही. लक्स मोजणारे यंत्रही मनुष्याच्या डोळ्याच्या हिशेबाने बनलेले. हिरव्या-पिवळ्याला झुकते माप देणारे आणि निळ्याला कमी मोजणारे. खरे माप वेगळे. ते मी पुतण्याला पर्जन्यमापकाच्या दाखल्याने विचारले आणि त्याने मान डोलावली: एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला शैवालाच्या उपयोगाचे प्रकाशकण किती पडतात, त्यांची मोजणी. एकक मायक्रोमोल. उष्ण प्रदेशात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या घरात जातो. टाकीत मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतात. फांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ४०० लागतात. तेही दिव्याच्या खाली नव्हे, प्रवाळ बसला असेल त्या जागी, पाण्यात. दिवा वीतभर वर उचलला की आकडा घसरतो, कडेच्या जागी मधल्याहून कमी भरतो. एलईडीचा उजेड बारीक बिंदूंतून येत असल्याने फांद्यांच्या खालच्या बाजूला सावल्या गडद पडतात; त्यापेक्षा १६ मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा उजेड सारखा पसरतो, म्हणून काही जुने जाणते अजूनही दोन्ही एकत्र वापरतात. नळ्या मात्र वर्षाच्या आत मंदावतात. डोळ्यांना पत्ता लागत नाही, प्रवाळांना लागतो.

वेळही पाहायची. आठ-दहा तास पूर्ण उजेड, मागेपुढे मंद निळा, आणि रात्री खरोखरीचा अंधार. आणि नवा दिवा आणला की तो पहिल्याच दिवशी पुरा पेटवायचा नाही. निम्म्यावर सुरुवात करून काही आठवड्यांत चढवीत न्यायचा. कारण उजेड एकदम वाढला, किंवा पाणी तापले, की प्रवाळ आणि शैवाल यांचा संसार मोडतो. प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असे नव्हे. पण आता घरात पीक नाही, साठा संपला की उपासमार. पुष्कळ हौशी लोकांनी महागड्या दिव्यांखाली आपले प्रवाळ असे स्वतःच्या हाताने पांढरे केले आहेत. मोठ्या प्रमाणावर हेच १९९८ मध्ये जगभरच्या समुद्रांत घडले, आणि आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांची त्यात मोठी हानी झाली. तेथे दिवा कोणी बदलला नव्हता. पाणी तापले होते.

हे सगळे पुतण्यापुढे मांडून झाल्यावर मी त्याला विचारले, "तुझे प्रवाळ कोठले?"

तो म्हणाला, "मालवणचे मिळतील म्हणतात."

मालवणचे नाव ऐकून मला अभिमान वाटला आणि धास्तीही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १९७९ मध्ये कासिम आणि वाफर या समुद्रशास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली, त्यात आपला किनाराही आला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाला. तेथले पाणी काही लक्षद्वीपसारखे काचेचे नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ उतरतो, पाणी गढुळते, उजेड कमी पोचतो. त्या मंद उजेडावर काटकसरीने संसार करणारे हे प्रवाळ. आणि विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचे. त्याचा माथाच पाण्याखाली सुमारे २० मीटर. तेथे पाणी स्वच्छ आणि ऊन निळे. एकाच राज्याच्या किनाऱ्यासमोरचे हे दोन शेजारी, पण एकाला दुसऱ्याचा दिवा लागू पडायचा नाही. म्हणून दिवा विचारण्याच्या आधी प्रवाळाचे गाव विचारावे लागते.

धास्ती वाटली ती कायद्यामुळे. २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. ही वाघाची अनुसूची आहे! मालवणचा मुठीएवढा प्रवाळ खडकावरून खुडून जामनेरला आणणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या बछड्याला झोळीत घालून आणण्यासारखे. परदेशचे दगडी प्रवाळ आणावेत म्हटले, तर तेही आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत. परवान्यांवाचून त्यांना हात लावता येत नाही. पुतण्याचा चेहरा उतरला. बाजारात कोणी गुपचूप विकतो म्हणून ती वस्तू आपली होत नाही, एवढे मी त्याला म्हणालो आणि गप्प बसलो. दिवाळीत पोराला याहून जास्त बोलू नये.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी मी समुद्रातले जीव पहिल्यांदा पाहिले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ते उघडले होते. आम्ही जामनेरहून 'पी.जे.'च्या अरुंद रुळांवरच्या गाडीने पाचोऱ्याला, तेथून मोठ्या गाडीने मुंबईला गेलो होतो. अंधाऱ्या दालनात काचेमागे उजळलेले पाणी आणि त्यात हळूहळू फिरणारे मासे, एवढेच आठवते. पण ते पक्के आठवते. ती पाचोरा गाडी २०२० मध्ये थांबली आणि मत्स्यालयाचे दरवाजेही त्याच साथीत मिटले. पोराच्या मनात हा समुद्र कोठून शिरला, हे मला कळत होते.

शेवटी तोड निघाली. टाकी घ्यायची, पण प्रवाळांची नव्हे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी विदूषक माशांची टाक्यांतच पैदास साधली आहे; असे टाकीत जन्मलेले मासे आणायचे. आत खडक घडीव, भट्टीत भाजलेले. वीज गेली तर हवेचा पंप चालू राहावा म्हणून घरातल्या इन्व्हर्टरवरून एक तार. उजेडावाचून मासे दिवस काढतील, हवेवाचून काही तासही नाही. आणि दिवा? जमाखर्चातला तो सर्वांत मोठा आकडा पुतण्याने स्वतःच खोडला. माशांना लागतो तो फक्त दिवस-रात्र कळण्यापुरता, आणि आपल्याला लागतो तो मासे दिसण्यापुरता. १५ वॅटचा साधा एलईडी दिवा जामनेरच्याच दुकानात मिळाला.

माघात टाकी मांडली. आईने खुर्ची पुढे ओढून बराच वेळ पाहिले. मग विचारले, "यांना रात्री झोप लागते का रे?"

लागते, असे मी सांगितले. तेव्हापासून रात्री दहाला तो दिवा मालवण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले आहे.